तिसऱ्या घंटेनंतरचा फराळ

परदेशात जेवणासकट नाटक दाखवणारी नाट्यगृहे असतात. प्रेक्षक टेबलाभोवती बसतात, बऱ्याच ठिकाणी पहिल्या अंकाआधी जेवण वाढले जाते, मध्यंतरात गोड पदार्थ येतो आणि त्यासाठी तिकिटातच पैसे मोजलेले असतात. आपल्या मराठी रंगभूमीवर अशी सोय नाही, अशी खंत काही रसिक अधूनमधून व्यक्त करतात. गेल्या शनिवारी रात्री साडेआठचा प्रयोग पाहून आल्यावर मी खात्रीने सांगू शकतो की ही खंत अनाठायी आहे. टेबल सोडले तर आपल्याकडे सर्व काही आहे. ज्यांना हा आनंद अद्याप घेता आलेला नाही, त्यांच्या उपयोगासाठी काही सूचना पुढे देत आहे.

तिसरी घंटा ही घरातून निघण्याची खूण समजावी. तिकीट रांगेच्या अगदी मधल्या खुर्च्यांचे काढावे, म्हणजे आत शिरताना निदान बारा जणांना उभे राहून आपले स्वागत करता येते. मोबाईलचा दिवा लावून खुर्चीचा क्रमांक शोधावा, तो दिवा बसलेल्यांच्या डोळ्यांवर नीट धरावा आणि ‘ही एफच रांग ना?’ असे नायिकेलाही ऐकू जाईल अशा आवाजात विचारावे. ती ‘जी’ रांग आहे असे कळल्यास आल्या वाटेने परत जावे.

लहान मूल रडू लागल्यास त्याला बाहेर नेऊ नये. त्यालाही या नाटकात काही संवाद असावेत असे वाटत असते.

विनोद झाला की तो शेजारच्याला लगेच समजावून सांगावा आणि त्या नादात पुढचा विनोद हुकला तर तोही त्यालाच विचारावा.

आता मुख्य विषयाकडे, म्हणजे खाण्याकडे वळू. मध्यंतर पंधरा मिनिटांचे असते आणि बटाटेवड्याची रांग वीस मिनिटांची, हे गणित नाट्यगृहात जाणाऱ्या कोणालाही नव्याने सांगायला नको. म्हणून वडा घेऊन सरळ आत यावे. चटणीचा वास तीन रांगांपर्यंत पोहोचतो, त्यामुळे ज्यांना वडा मिळाला नाही त्यांनाही थोडाफार लाभ होतो. तथापि खरा रसिक वड्यावर थांबत नाही. तो वेफर्सचे पाकीट बाळगतो, आणि ते केव्हा उघडायचे याची त्याला विलक्षण जाण असते. शनिवारच्या नाटकात दुसऱ्या अंकाच्या मध्यावर एक प्रसंग होता. मुलगा घर सोडून गेलेला आहे, आई त्याच्या बंद ट्रंकेवर हात ठेवून बसली आहे, रंगमंचावर एकच प्रकाशझोत आहे आणि ती काहीही बोलत नाही. माझ्या उजवीकडच्या गृहस्थांनी नेमका तो क्षण निवडला. पाकीट हळूहळू फाडले की आवाज कमी होतो, अशी त्यांची समजूत असावी. आवाज कमी होत नाही, तो फक्त लांबतो. आई गप्प होती आणि पाकीट बोलत होते. मग एकेक वेफर दोन बोटांत धरून, ओठ मिटून, अत्यंत सभ्यपणे कुरकुरत राहिला. मी दबक्या आवाजात विनंती केली, तेव्हा ‘एवढी शांतता हवी असेल तर घरी बसायचे’ असे मला सांगण्यात आले.

नंतर त्यांच्या खिशात आरती सुरू झाली. प्रयोगापूर्वी मोबाईल बंद ठेवण्याची सूचना दोनदा झाली होती, पण ती इतरांसाठी असावी. त्यांनी आधी चष्मा शोधला, मग नाव वाचले, मग फोन घेतला. ‘हां, बोल. नाही रे, नाटकाला आलोय. नाही, नाही, बोल ना.’

या ‘बोल ना’पाशी ती अभिनेत्री थांबली. ट्रंकेवरचा हात काढून तिने हात जोडले आणि म्हणाली, ‘त्यांचं बोलणं होऊ द्या, मग आपण पुढे जाऊ.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. फोन खांद्याशी धरून त्या गृहस्थांनीही वाजवल्या. प्रसंग पुन्हा सुरू झाला खरा, परंतु मोडलेले मौन दुसऱ्यांदा पहिल्यासारखे लागत नाही, आणि त्या रात्री ते लागले नाही.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत ‘मानापमान’ या संगीत नाटकाचा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली, आणि त्याच रात्री ते नायिका भामिनी म्हणून रंगमंचावर उभे राहिले. त्या काळचा प्रेक्षकही शांत नव्हता. तो वन्स मोअर मागायचा आणि एकच पद पुन्हा पुन्हा गायला लावायचा. परंतु त्यासाठी ते पद त्याला आधी ऐकू यावे लागत असे! आपल्याला मात्र ‘दूध आणायचे का’ या प्रश्नाचे उत्तर द्यायला पडदा पडेपर्यंत थांबता येत नाही.

नाही, हे गोड बोलून सांगणे मला जमायचे नाही. अहो, समोर जिवंत माणसे उभी आहेत! घरच्या टीव्हीतल्या नटाला तुम्ही दिसत नाही. या नटांना दिसता. अंधारात तुमच्या हनुवटीवर पडलेला तो निळा उजेड त्यांना दिसतो, तुमचे पाकीट त्यांना ऐकू येते, आणि तरीही पुढचे वाक्य त्यांना न चुकता म्हणायचे असते. तिकीट तुम्ही काढले आहे, मान्य. तुमच्या डावीकडच्यानेही काढले आहे. अडीच तास फोन बंद ठेवता येत नसेल इतके तुमचे काम महत्त्वाचे असेल, तर नाटकाला येऊ नका. भूक लागत असेल तर जेवून या. उशीर झाला असेल तर अंक संपेपर्यंत दाराशी उभे राहा. यातले काहीच जमणार नसेल, तर तुम्हीच घरी बसा. मी का बसू?

आणि खुर्चीखाली सरकवलेले ते रिकामे पाकीट मी पाहिले आहे. उठताना ते उचलून न्या.