शांत खोली आणायची कुठून?
‘रोज 20 मिनिटं शांत खोलीत डोळे मिटून फक्त श्वासाकडे लक्ष द्या, साथीची भीती ओसरेल’ हे ध्यानावरच्या लेखातलं वाक्य वाचून थांबलोच. आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातले. 2020 च्या लॉकडाऊनमध्ये दीड खोलीत सहा माणसं, आणि गल्लीतले यंत्रमाग बंद. लहानपणापासून त्या खटखटीत झोपलेल्यांना शांतताच खायला उठायची! आणि श्वासाचं म्हणाल, तर मी कोरोना पॉझिटिव्ह असताना मोबाईलवर असाच वर्ग लावला होता. लक्ष श्वासाकडे गेलं की ‘कमी पडतोय का?’ एवढंच डोक्यात. दर पाच मिनिटांनी बोटाला ऑक्सिमीटर, रक्तातला ऑक्सिजन टक्क्यांत दाखवणारं मशीन. 94 दिसलं की घाम, 97 दिसलं की मशीन खराब असेल ही शंका.

श्वासाचीच धास्ती असेल तर लक्ष तळपायांवर किंवा बाहेरच्या आवाजांवर न्यावं, हे मला पुढे एका समुपदेशक बाईंनी सांगितलं. लेखात ते यायला हवं होतं. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये अमेरिकेत सुरू केलेला ध्यानाचा (माइंडफुलनेस) अभ्यासक्रमही आठ आठवड्यांचा आहे, नुसत्या श्वासाचा नाही. त्यात पायापासून डोक्यापर्यंत क्रमाने लक्ष फिरवणं आहे, सावकाश चालणं आहे. बरा झाल्यावर माझं मन लागलं ते आईच्या विड्या वळायच्या सुपाशी. भिजवलेलं पान कापायचं, तंबाखू भरायची, वळायचं, दोरा बांधायचा. पंचवीस विड्यांचा कट्टा होईस्तोवर ऑक्सिमीटर आठवायचा नाही. माझ्या निम्म्या विड्या आई उसवून परत वळायची, ते सोडा.