‘एलसी आली म्हणजे पैसा आला’ म्हणणाऱ्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

संत्र्याच्या आंबिया बहाराची तोड तोंडावर आली की वरुड, मोर्शी, काटोल, नरखेडच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर भावाच्या मेसेजांसोबत एक लांबलचक मेसेजही फिरायला लागतो. हिंगणघाट-वणीकडच्या जिनिंगवाल्यांकडेही तोच, फक्त संत्र्याच्या जागी रुईगाठी. त्याचा गोषवारा असा: ‘यूसीपी ६०० हा आता जगातला एकच बँक कायदा आहे. एलसी आली म्हणजे पैसा आला. माल पोचवा आणि निवांत झोपा. स्पेलिंगच्या चुकीवरून बँक आता पैसे अडवू शकत नाही. कुठल्याही देशातलं कोर्ट मध्ये पडू शकत नाही. समोरच्या देशात काहीही झालं तरी जबाबदारी बँकेची.’ एका शेतकरी उत्पादक कंपनीच्या संचालकांनी तो मला पाठवून विचारलं, ‘भाऊ, हे खरं हाय काय?’ निर्यातीचे कागद तयार करणं हे माझं रोजचं काम, म्हणून एकेक मुद्दा घेतो. एलसी म्हणजे लेटर ऑफ क्रेडिट: ठरलेले कागद सादर केले तर पैसे देऊ, असं आयातदाराच्या बँकेने निर्यातदाराला दिलेलं लेखी वचन.

‘जगातला एकच कायदा.’ यूसीपी हा कायदाच नाही. पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सने, म्हणजे व्यापारी जगताच्या एका खासगी संस्थेने केलेली ही एलसीची नियमावली आहे. पहिली आवृत्ती १९३३ ची. सध्याची ३९ कलमांची आवृत्ती, म्हणजे यूसीपी ६००, १ जुलै २००७ पासून लागू आहे. एलसीच्या मजकुरात या नियमांचा उल्लेख असेल तरच ते लागू होतात, असं पहिल्याच कलमात लिहिलंय. बँका एकमेकींना एलसी पाठवतात त्या स्विफ्टच्या एमटी ७०० संदेशात त्यासाठी ४०ई नावाचा रकाना असतो. म्हणजे यूसीपीला बळ मिळतं ते कराराचं, कुठल्या संसदेचं नाही. आणि त्याच एलसीत एखादं कलम वगळता किंवा बदलता येतं. बँका ते सर्रास करतात.

खरोखरचा आंतरराष्ट्रीय करार करण्याचा प्रयत्न झाला होता. संयुक्त राष्ट्रांनी १९९५ मध्ये स्वतंत्र गॅरंटी आणि स्टँडबाय एलसी (समोरच्याने शब्द मोडला तरच वापरायची एलसी) यांवर करार मंजूर केला, तो २००० मध्ये अमलात आला. त्यात कुवेत, पनामा, ट्युनिशिया असे मोजके देश आले. भारत त्यात नाही. आपल्याकडे एलसीसाठी वेगळा कायदाच नाही. १८७२ चा करार कायदा आणि न्यायालयांचे निवाडे यांवर काम चालतं. अमेरिकेत राज्यांनी स्वीकारलेल्या व्यापारी संहितेचं पाचवं प्रकरण आहे, चीनमध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाचे २००६ पासूनचे वेगळे नियम. नियम जुळले, कायदे जुळले नाहीत. मेसेज लिहिणाऱ्याने नेमकी इथेच गल्लत केली आहे आणि त्याचे पुढचे सगळे दावे याच गल्लतीतून निघाले आहेत.

‘माल पोचवा आणि निवांत झोपा.’ यातला मालाचा भाग बँकेच्या हिशेबात येतच नाही. यूसीपीचं पाचवं कलम सांगतं की बँकेचा व्यवहार कागदांशी, मालाशी नाही. संत्रा अव्वल असला, ढाक्याच्या बाजारात हातोहात विकला गेला, तरी कागद चुकले तर बँक पैसे देणं लागत नाही. कागद बरोबर असतील तर मात्र आयातदाराने ‘माल खराब निघाला’ म्हणून कितीही आरडाओरड केली तरी बँकेने पैसे द्यायचे असतात. हे दुसरं वाक्य लोकांना आवडतं, पहिलं कोणी पुढे पाठवत नाही.

आता एक अट बघा. एलसीच्या ४६ए रकान्यात लागणाऱ्या कागदांची यादी असते. तिथे पुष्कळदा असं वाक्य सापडतं: मालाच्या तपासणीचं प्रमाणपत्र, आयातदाराच्या प्रतिनिधीने सही केलेलं, आणि ती सही बँकेच्या नोंदीतल्या सहीशी जुळली पाहिजे. वाचताना साधं वाटतं. अर्थ असा, की भाव पडला तर तो प्रतिनिधी फोन उचलणं बंद करेल, प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि तुमची एकतर्फी न बदलता येणारी एलसी आयातदाराच्या मर्जीवर लटकेल. संत्रा थांबत नाही. चार दिवसांत त्याची साल सुरकुतते आणि तुम्ही मिळेल त्या भावाला हो म्हणता. यूसीपीत अशा अटीला कुठेही मनाई नाही. माझ्या मते नाशवंत मालाच्या एलसीत ही अट दिसली तर ती बदलून येईपर्यंत एकही गाडी भरू नये, मग आयातदार कितीही जुना असो.

‘स्पेलिंगवरून अडवू शकत नाही.’ हे अर्धं खरं आहे, आणि अर्धं खरं जास्त महाग पडतं. चौदाव्या कलमानुसार कागदांमधली माहिती शब्दाला शब्द सारखी नसली तरी चालते, एकमेकींशी विसंगत नसावी. चेंबरच्याच मार्गदर्शिकेनुसार, अर्थ न बदलणारी टायपिंगची चूक ही त्रुटी नव्हे. पण मॉडेल ३२१ च्या जागी १२३ छापलं तर ती टायपिंगची चूक धरली जात नाही. शिवाय बिलातलं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळावंच लागतं. यूसीपी ६०० च्या प्रस्तावनेतच नमूद आहे, की पहिल्यांदा सादर झालेल्या कागदांपैकी सुमारे ७० टक्के संच त्रुटींमुळे परत जात असल्याचं पाहण्यांमध्ये दिसलं होतं.

आपल्या भागातले कागद अडतात ते स्पेलिंगवर क्वचितच. अडतात ते बिल्टीवर, म्हणजे ट्रकवाल्याने दिलेल्या मालाच्या पावतीवर. बांगलादेश सीमेवरच्या पेट्रापोल-बेनापोल नाक्यामार्गे ट्रकने माल जातो, तेव्हा चोविसावं कलम लागतं. बिल्टीवर वाहतूकदाराचं नाव हवं, सही हवी, आणि ती सही वाहतूकदाराची की त्याच्या वतीने एजंटची, हे लिहिलेलं हवं. आपल्या ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात पोरगं कोंबडीचे पाय काढतं, शिक्का मारतं आणि कागद हातात देतं. खाली ‘वाहतूकदार’ एवढा एक शब्द नसतो. बँकेच्या टेबलावर ती त्रुटी ठरते.

दुसरी अडचण कॅरेटची, म्हणजे संत्रा भरायच्या क्रेटची. तिसाव्या कलमात मालाच्या वजनात ५ टक्के कमी-जास्त चालतं, बिलाची रक्कम एलसीपेक्षा वाढली नाही तर. म्हणजे एलसीत २५ टन लिहिलं असेल तर पावणेचोवीस टन गेला तरी हरकत नाही. पण एलसीत परिमाण कॅरेटच्या नगात लिहिलं असेल, १,२०० कॅरेट समजा, तर ही सूट मिळत नाही. १,१९९ सुद्धा चालत नाही. रुईगाठींचंही तसंच. सौदा ठरतानाच आयातदाराला वजनात लिहायला सांगायचं. फुकटात होणारी गोष्ट आहे.

बँकेवरही बंधन आहे आणि ते मेसेजमध्ये नाही, याचं मला नवल वाटतं. कागद सादर झाल्याच्या दुसऱ्या दिवसापासून पाच बँक-दिवसांत, एकाच सूचनेत, सगळ्या त्रुटी सांगाव्या लागतात. सहाव्या दिवशी नवी खोट काढता येत नाही.

‘कोर्ट मध्ये पडू शकत नाही.’ पडतं, आणि प्रत्येक देशातलं कोर्ट वेगळ्या रीतीने पडतं. फसवणुकीचं काय करायचं यावर यूसीपी गप्प आहे. या विषयावरचा सगळ्यात गाजलेला खटला न्यूयॉर्कचा, १९४१ चा, आणि त्यातली विक्रेती कंपनी लखनौची होती. ब्रशसाठीच्या राठ केसांच्या नावाखाली खोक्यांत गायीचे केस आणि कचरा भरला, अशी खरेदीदाराची तक्रार. न्यायालय म्हणालं, तक्रार खरी असेल तर बँकेला पैसे देण्यापासून रोखता येईल. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये उत्तर प्रदेश सहकारी फेडरेशनच्या खटल्यात हा दरवाजा खूप अरुंद ठेवला: फसवणूक घोर आणि उघड हवी, किंवा कधीही भरून न येणारा अन्याय होत असावा. खटला बँक गॅरंटीचा होता, तेच तत्त्व एलसीला लावलं जातं.

आता तिसऱ्याच माणसाने खोटेपणा केला आणि विक्रेत्याला पत्ताच नसेल तर? इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर (तेव्हाचं तिथलं सर्वोच्च न्यायालय) १९८२ मध्ये असं प्रकरण आलं. जहाज कंपनीकडून माल चढवण्याचं काम बघणाऱ्याने बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाजावर माल चढवल्याच्या पावतीवर, मागची तारीख टाकली होती. विक्रेता निर्दोष, म्हणून बँकेने पैसे द्यावेत असा निकाल झाला. अमेरिकेच्या संहितेनुसार कागद बनावट असेल तर तो कोणी बनवला याला तेवढं महत्त्व नाही. कागदच मुळात निरर्थक असेल तर नकार देता येतो, हे तत्त्व इंग्लंडच्या अपील न्यायालयाने २००१ मध्ये नाकारलं. सिंगापूरच्या अपील न्यायालयाने २००२ मध्ये स्वीकारलं. नियमावली तीच, निकाल उलटे. आणि कोणत्या देशाचा कायदा लागेल हे बहुतेक एलसींमध्ये लिहिलेलंच नसतं.

‘समोरच्या देशात काहीही झालं तरी.’ २०२२ मध्ये बांगलादेशात डॉलरची चणचण झाली, तेव्हा तिथल्या केंद्रीय बँकेने अनेक मालांच्या एलसीसाठी आयातदारांना मोठी रक्कम आधी भरायला लावली. जुलै २०२४ मध्ये संचारबंदी लागली, इंटरनेट गेलं, बँका काही दिवस बंद राहिल्या. यूसीपीचं छत्तिसावं कलम अशा वेळी बँकेच्या बाजूने आहे: दंगल, संप, आपत्ती यांमुळे काम बंद असताना एलसीची मुदत संपली तर पुन्हा उघडल्यावर बँक त्या एलसीवर पैसे देणार नाही. यावर उपाय म्हणजे कन्फर्मेशन. आपल्या देशातली बँक आठव्या कलमाखाली स्वतःचं वचन जोडते. त्याचे पैसे लागतात, आणि समोरच्या बँकेवर भरवसा नसेल तर ती नकारही देते. तो नकार हीसुद्धा एक माहितीच आहे, ती सौदा करण्याआधी मिळालेली बरी.

कन्फर्मेशन परवडत नसेल तर निदान ३१डी रकाना बघा. तिथे मुदतीच्या तारखेपुढे ठिकाण लिहिलेलं असतं. ठिकाण ढाका असेल तर त्या तारखेला कागद ढाक्याच्या बँकेच्या टेबलावर पोचलेले हवेत, कुरिअरचे दिवस तुमच्या वाट्यातून जातात. ठिकाण भारत करून घ्या, आणि ते गाडी भरण्याआधी करून घ्या.