बैलानं पाडलं

मला बैलानं पाडलं, असं मी सांगितलं त्यात खोटं काहीच नव्हतं. बैल होता, मी होतो आणि मी पडलो. बैल सागवानी होता, उंचीला वीतभर होता आणि त्याच्या चारही पायांखाली चाकं होती, एवढंच सांगायचं राहून गेलं.

त्या दिवशी तान्हा पोळा होता. आमच्याकडं खरे बैल पोळ्याला तोरणाखाली उभे राहतात आणि पोरांचे लाकडी बैल दुसऱ्या दिवशी. पुतण्याच्या पोरानं, वय वर्षं साडेपाच, आपल्या बैलाला बेगड लावलं, माझ्या धुतलेल्या रुमालाची झूल घातली आणि गावभर फिरवून 170 रुपये बोजारा जमवला. संध्याकाळी दमलेला बैल त्यानं ओसरीच्या वरच्या पायरीवर बांधला. बांधला म्हणजे सुतळीचं एक टोक बैलाच्या गळ्यात आणि दुसरं माझ्या चपलेला. पुढ्यात चार काड्या गवत.

साडेसातला लाईट गेली. लाईट गेली की आधी बाहेर येऊन साऱ्या गावाची गेली की आपलीच, हे पाहायचं, असा आमच्याकडचा रिवाज आहे. साऱ्यांची गेली असली की माणूस समाधानानं आत जातो. मी बाहेर आलो. साऱ्या गावाची गेली होती. त्या समाधानात उजवा पाय पुढं टाकला तो बैलाच्या पाठीवर पडला. बैल जातिवंत. वजन पडताच चालू लागला. पाय करंगळीच्या कडेवर मुडपला आणि आतून कट्ट आवाज आला, चुलीत घालायला वाळली तुराटी मोडावी तसा.

अंधारात पहिला आवाज कोणाचा आला ते कळलं नाही. ‘काय झालं जी?’

आता माझं वय 56. ज्या गावात माझ्या आज्याच्या पाच बैलजोड्या होत्या, त्या गावात अंधारात, चिखलात, उताणं पडून माणूस काय सांगणार? मी म्हणालो, ‘बैलानं पाडलं.’

पुतण्याच्या मोटारसायकलवर मी नव्या नवरीसारखा एका बाजूनं बसलो. दुखरा पाय लोंबू नये म्हणून गळ्यातल्या दुपट्ट्याची झोळी करून त्यात ठेवला. असा स्वतःचाच पाय स्वतःच्या गळ्यात अडकवून मी तालुक्याला पोचलो. फोटो निघाला. डॉक्टरनं तो उजेडाला धरला आणि म्हणाला, करंगळीच्या मागचं लांब हाड मोडलं आहे, सहा आठवडे प्लास्टर, पाय टेकायचा नाही. एका पावलात 26 हाडं असतात, दोन्ही पावलांची मिळून 52, म्हणजे अंगातल्या 206 हाडांपैकी चौथाई हाडं माणूस चपलेत घेऊन हिंडतो, हेही त्यानंच सांगितलं. मला वाटलं, 26 मधली 25 शाबूत असताना एकासाठी एवढा तमाशा कशाला? पण शाळेत 26 पैकी 25 मिळाले तरी माझा बाप त्या एकाचंच विचारायचा.

डॉक्टर गप्पिष्ट होता. प्लास्टर लावता लावता त्यानं रॉबर्ट जोन्स नावाच्या ब्रिटिश सर्जनची गोष्ट सांगितली. या जोन्ससाहेबाचं नेमकं हेच हाड नाचताना मोडलं. त्यानं स्वतःच्या पायाचा फोटो काढवला, तशीच आणखी काही माणसं गाठली आणि 1902 साली सर्जनांच्या मासिकात लेख लिहून कळवलं की हे हाड असंही मोडतं, मी नाचत होतो. त्या जागचं हाड मोडलं की आजही त्याचंच नाव घेतात.

‘तुमचं कसं मोडलं?’ डॉक्टरनं विचारलं.

‘बैलानं पाडलं,’ मी म्हणालो. पुतण्या खिडकीतून बाहेर पाहू लागला.

सकाळी घराच्या ओसरीवर बाजेवर पडलो, पायाखाली दोन उशा, आणि गाव भेटीला येऊ लागलं. आमच्या गावात ताप आलेल्या माणसाला कोणी विचारत नाही, पण प्लास्टरवाल्याकडं जायलाच लागतं. येणारा आधी पायाकडं पाहतो, मग चहाच्या वाटेकडं पाहतो आणि मग आपल्या पाहण्यातलं याहून वाईट फ्रॅक्चर सांगतो. एकाच्या साळ्याच्या पायात सळाक होती, ती पावसाळ्यात आवाज करायची. एकाचा मावसभाऊ प्लास्टर काढल्यावर तीन महिने उलटा चालत होता. एका शिक्षकानं तर विनोबा काढले. ‘आपल्या पवनारचा माणूस, भूदानासाठी तेरा वर्षं पायी फिरला आणि तुम्ही ओसरीवरून उतरू शकत नाही!’ मी म्हणालो, विनोबांच्या घरी नातू नव्हता. ते वाक्य कोणाला कळलं नाही, ते बरंच झालं.

कारण गावापुढं दुसराच सवाल होता. आमच्याकडं चार वर्षांपासून बैल नाहीत. वखरायला भाड्याचा ट्रॅक्टर येतो. त्याला बैलासारखं पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीच्या संध्याकाळी ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या’ म्हणावं लागत नाही, डिझेल भरून द्यावं लागतं. मग यांना पाडलं ते कोनाच्या बैलानं? पारावर बैठक झाली म्हणतात. त्या संध्याकाळी परतलेले बैल मोजले गेले. आमच्या घरावरून गोठ्याकडं जाणारी एकच जोडी, आणि त्यातला सर्जा अंगानं थोराड, डोळ्यानं तांबडा. निकाल लागला.

सर्जाचा मालक दुसऱ्याच दिवशी आला. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, धुऱ्याला धुरा लागून असलेला, गरीब स्वभावाचा माणूस. हातात पितळी गडवा. बराच वेळ काही बोलला नाही.

‘भाऊ,’ शेवटी म्हणाला, ‘माहा सर्जा तसा नाई जी. पोळ्याच्या दिवशी झुलीवर गोमाशी बसली तरी पाय हालवला नाई त्यानं.’

हीच वेळ होती. तोंड उघडून सांगायला हवं होतं. मी तोंड उघडलंही. पण समोर आणखी चार जण बसले होते आणि त्यातला एक तिथंच म्हणाला, ‘मुक्या जनावराचं काय सांगता येते?’

‘असो,’ मी म्हणालो. ‘त्याला तरी काय बोल लावायचा!’ यात माझं मोठं मन गावाला दिसलं. सर्जाच्या मालकानं गडवा पुढं केला. ‘अर्धा लिटर हाय. हाडाले दूध लागते.’

ते दूध दुसऱ्या दिवशीही आलं. तिसऱ्याही.

या दुधाचा विषय निघाला की आमच्या घरात शांतता पसरायची. बायको भांडं रिकामं करून देताना माझ्याकडं पाहायची आणि काही न बोलता आत जायची. तिनं एकदाच विचारलं, ‘तुमी सांगता का मी सांगू?’ मी म्हटलं, प्लास्टर निघू दे, चालत जाऊन सांगतो. तोवर रोज संध्याकाळी खीर होती.

आईला मात्र दुधाचं नव्हे, प्लास्टरचं दुःख होतं. ‘दोन हजार घेऊन डॉक्टरनं तुले चुना लावला लेका,’ असं ती येणाऱ्या प्रत्येकाला सांगायची. तिच्या मते आंबेहळद आणि तुरटीचा लेप, वर हाडजोडीचा पाला बांधला की पंधरा दिवसांत मी धावलो असतो. लेप प्लास्टरवरून लावता येत नाही हे पटल्यावर तिनं पायाळूला बोलावणं धाडलं. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले त्याची लाथ लागली की उसण निघते, ही जुनी समजूत. मोडलेल्या हाडाला लाथ कशी चालेल, असं मी विचारलं. ती म्हणाली, ‘हळू मारन.’ गावात पायाळू एकच उरला आहे, वय 78, दोन्ही गुडघे गेलेले. त्याला त्याचाच पाय उचलेना. शेवटी पुतण्यानं आणि आणखी एकानं मिळून त्याचा पाय उचलला, माझ्या प्लास्टरला तीनदा टेकवला आणि खाली ठेवला. त्यानंतर त्याची कंबर धरली ती दोन दिवस सुटली नाही. गावात दुसरा पायाळू नसल्यामुळं त्याला इलाज नव्हता.

खरी परवड सांगायची तर ती सकाळची. आमच्या संडासात बसायचं भांडं आहे, उकिडवं बसायचं. प्लास्टरवाल्यानं उकिडवं बसायचं म्हणजे एका पायावर तप करायचं. पहिल्या दिवशी मी ते तप केलं आणि परत उठताना देव आठवले. मग पुतण्यानं युक्ती काढली. घरात प्लास्टिकची एक खुर्ची होती, हात तडकलेली. त्यानं चुलीत विळा लाल केला आणि खुर्चीच्या मधोमध गोल भोक पाडलं. तिला भांड्यावर ठेवलं की साहेबी थाट. दोन दिवस मी त्याला तोंडभर आशीर्वाद दिले. तिसऱ्या दिवशी उजेडात खुर्चीच्या पाठीवर लक्ष गेलं. मीच गणेश मंडळाला दहा खुर्च्या दिल्या होत्या, त्यातली ही परत आलेली एक. पाठीवर लाल रंगात लिहिलेलं, ‘वडिलांच्या स्मरणार्थ सप्रेम भेट’. वडिलांना हे आवडलं असतं असं वाटत नाही. पण ते 25 गुणांच्या वेळीही फार खूश नव्हते.

कुबड्यांबद्दल थोडक्यात सांगतो, कारण त्या थोडक्यातच आटोपल्या. कुबड्या गुळगुळीत फरशीसाठी केलेल्या असतात, आमच्या काळ्या मातीसाठी नाही. भाद्रपदात अंगणात कुबडी टेकवली की ती हातभर आत जाते आणि उपसून काढली की रबराचा बूट मातीतच राहतो. तो शोधायला वाकायचं तर दुसरी कुबडी आत जाते. चौथ्या दिवशी दोन्ही बूट गेले. एक कोंबडी उकरताना सापडला, दुसरा बहुतेक उन्हाळ्यात सापडेल. मी बाजेवर परतलो.

तिथं खाज वाट पाहत होती. प्लास्टरच्या आत, घोट्याच्या थोडं खाली, जिथं जगातलं काहीच पोचत नाही तिथं. डॉक्टरनं बजावलं होतं, आत काही घालायचं नाही, कातडी सोलली तर चिघळते. मी दहा दिवस पाळलं. अकराव्या रात्री एक बारीक तुराटी निवडली, सोलून गुळगुळीत केली आणि हळूच आत सारली. जो आनंद झाला तो लिहून दाखवण्यासारखा नाही. मग ती मोडली. बोटभर तुकडा आतच राहिला आणि पुढं महिनाभर खाजेच्या जोडीला टोचणंही आलं.

गणपती आले, गणपती गेले. गल्लीतल्या मूर्तीही पीओपीच्याच होत्या, पण त्यांना दहा दिवसांत सुटी मिळाली. वावरातलं वर्तमान रोज कोणी ना कोणी देत होतं. पऱ्हाटीला बोंडं धरली, सोयाबीन पिवळं पडू लागलं, रानडुकरं एकदा येऊन गेली, पोरांनी जागली करून हाकलली. माझ्यावाचून काहीही अडलं नाही. हे ऐकून मला आनंद व्हायला हवा होता.

नातवाचा बैल मात्र त्या रात्रीपासून कपाटावर होता. पुतण्यानं त्याला तिथं कोंडला होता, आणि पोरगं रोज सकाळी बाजेशी येऊन कोंडवाड्याच्या कारकुनाला विचारावं तसं विचारायचं, ‘आबाजी, माहा बैल केव्हा सुटते?’ मी सांगायचो, माझा पाय सुटला की. मग बैलाच्या आठवणीत त्यानं माझ्या प्लास्टरवर स्केचपेननं बैल काढला. शिंगं, झूल, शेपूट, आणि खाली चार गोल.

दसऱ्याच्या संध्याकाळी लोक सोनं द्यायला आले. लहान लोक पाया पडतात. एक पाय उशीवर, एक खाली, कोणत्याला हात लावावा या गोंधळात बरेच जण मधल्या हवेलाच नमस्कार करून गेले. सर्जाचा मालक मात्र भाविक. त्यानं आपट्याची पानं माझ्या हातात ठेवली, वाकला आणि प्लास्टरवर डोकं टेकवलं. वर यायला त्याला वेळ लागला. मला वाटलं, गहिवरला.

‘हा बैल कोनं काढला?’

‘म्या,’ नातू म्हणाला.

‘अन् याले चाकं कायले?’

‘त्याले हायेतच चाकं. आबाजी त्याच्यावरूनच तं पडले.’

ओसरीवर दहा-बारा माणसं होती. आतल्या खोलीत बायकोच्या हातातलं भांडं वाजलं, ते मुद्दाम वाजवलं होतं असं माझं मत आहे. मी मनातल्या मनात हिशेब केला. अडतीस दिवस, एकोणीस लिटर.

सर्जाचा मालक उठला. चप्पल घातली. ‘चाळीस दिवस होत आले,’ तो म्हणाला, ‘माह्या बैलाले दुहेरी दावं हाय. शिंगाले लाल चिंधी बांधली. पोट्टे त्याच्या बाजूनं जात नाईत.’ एवढं बोलून गेला. दुसऱ्या दिवशी दूध आलं नाही.

चार दिवसांनी प्लास्टर निघालं. कापायचं यंत्र भुंग्यासारखं गुणगुणतं, पण त्याचं पातं फिरत नाही, नुसतं थरथरतं, म्हणून कातडी कापत नाही. हे मला नंतर सांगितलं. आत जे निघालं ते माझं पाऊल आहे यावर माझा विश्वास बसेना. वाळलेलं, पांढरं, कोंडा झडणारं, जुन्या पोत्यातून काढल्यासारखं. डॉक्टरनं चिमट्यानं तुराटीचा तुकडा उचलला, पाहिला आणि कचऱ्यात टाकला. जोन्ससाहेबाबद्दल या वेळी काही बोलला नाही.

घरी येऊन काठी घेतली. ओसरीच्या तीन पायऱ्या उतरलो, एकेक पायरीवर थांबून, आणि चालत सर्जाच्या गोठ्यापर्यंत गेलो. चाळीस पावलं असतील. मालक वैरण टाकत होता. माझ्याकडं पाहून त्यानं मान वळवली.

‘चुकलो,’ मी म्हणालो.

‘मले नोका सांगू,’ तो म्हणाला. ‘त्याले सांगा.’

मी सर्जापुढं उभा राहिलो. एवढा मोठा बैल आणि दोन दाव्यांत. शिंगाची चिंधी सोडता सोडता मला काय बोलावं ते सुचेना, मग खांद्यावर हात ठेवून, पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी म्हणतात ते म्हणालो, ‘आज आवतन घ्या, उद्या जेवाले या.’ सर्जानं माझा हात हुंगला आणि तोंड वैरणीत घातलं. मालकानं दुसरं दावं सोडलं.

मागून चाकांचा आवाज आला. नातू सुतळीनं आपला बैल ओढत गोठ्यात आला आणि त्यानं तो सर्जाच्या पुढच्या पायाशी आणून उभा केला.

‘आबाजी,’ तो म्हणाला, ‘आन् याले?’