हप्त्याचा भाव करू नका, गाडीचा करा

अमेरिकेत प्लगइन हायब्रिड (घरी चार्ज करून आधी विजेवर आणि मग इंजिनावर चालणारी) एसयूव्ही लीजवर, म्हणजे ठरावीक मुदतीच्या भाड्यावर, घ्यायला निघालेल्या आपल्या मंडळींचा डीलरला पहिला प्रश्न ठरलेला असतो: "महिना किती पडेल?" मंडईत मेथीच्या जुडीसाठी हुज्जत घालणारे आपण, इथे ५०,००० डॉलरच्या गाडीची किंमत न विचारताच हप्त्यावर घासाघीस सुरू करतो. डीलरला हेच हवं असतं. हप्ता हवा तेवढा खाली आणता येतो. डाऊन, म्हणजे सुरुवातीला भरायची रक्कम, वाढवायचं, मुदत ताणायची किंवा लीजमधली मैलांची मर्यादा कमी करायची. गाडी तीच, पैसेही तुमचेच.

हिशेब कागदावर मांडा, पाच मिनिटांचं काम आहे. समजा स्टिकरवरची, म्हणजे छापील, किंमत ५०,०००. घासाघीस करून विक्रीची किंमत ४६,५०० वर आली. त्यात लीज कंपनीची अ‍ॅक्विझिशन फी ७०० मिळवली आणि उत्पादकाकडून मिळणारी ३,००० ची लीज कॅश, म्हणजे लीजवरची सूट, वजा केली, की उरले ४४,२००. तीन वर्षांनी गाडीची किंमत किती धरायची, म्हणजे रेसिड्युअल, ते फायनान्स कंपनी ठरवते. स्टिकरच्या ५६ टक्के धरलं तर २८,०००. मधला फरक १६,२००, भागिले ३६, म्हणजे महिना ४५०. ही झीज. आता व्याज: ४४,२०० अधिक २८,००० म्हणजे ७२,२००, गुणिले मनी फॅक्टर, म्हणजे लीजच्या व्याजाचा दर. तो ०.००२०० असेल तर १४४.४०. एकूण हप्ता ५९४.४०, टॅक्स वेगळा.

दोन रकमांची बेरीज करून व्याज कसं काय, असं वाटेल. ती बेरीज म्हणजे सरासरी येणे रकमेची दुप्पट. म्हणूनच मनी फॅक्टरला २४०० ने गुणलं की वार्षिक दर कळतो: ०.००२०० म्हणजे ४.८ टक्के. इथे एक खोच आहे. सेल्समन बोलताना शून्यं गाळतो आणि "रेट दोन पॉइंट चार" म्हणतो. ऐकणारा २.४ टक्के समजून खूश होतो. प्रत्यक्षात तो ०.००२४०, म्हणजे ५.७६ टक्के असतो.

फायनान्स कंपनीचा मूळ मनी फॅक्टर आणि तुम्हाला सांगितलेला मनी फॅक्टर एकच असेल असं नाही. मधली वाढ डीलरची कमाई असते. वरच्या उदाहरणात ०.०००४० वाढवले तर महिन्याला २८.८८ आणि ३६ महिन्यांत १,०३९.६८ डॉलर गेले. विक्रीच्या किमतीत १,००० सोडल्याचं श्रेय घ्यायचं आणि इथून काढून घ्यायचं, हा डाव जुना आहे. लीजच्या कागदावर मनी फॅक्टर छापायचं कायद्याचं बंधन नाही, पण एकूण रेंट चार्ज, म्हणजे सगळ्या मुदतीचं व्याज, छापावा लागतो. त्याला महिन्यांनी आणि वरच्या बेरजेने भागा, फॅक्टर हातात येतो. मूळ फॅक्टर आणि रेसिड्युअल दर महिन्याला बदलतात. एडमंड्स या गाड्यांच्या वेबसाइटवरच्या चर्चांमध्ये मॉडेल, ट्रिम (मॉडेलची आवृत्ती), मुदत, मैल आणि झिप कोड दिला की त्या महिन्याचे आकडे मिळतात. ते घेतल्याशिवाय डीलरकडे फिरकू नका.

रेसिड्युअलवर वाद घालण्यात वेळ घालवू नका, ते डीलरच्या हातात नसतं. तुमच्या हातात मैलांची मर्यादा आहे. वर्षाला १०,००० ऐवजी १२,००० मैल घेतले की रेसिड्युअल साधारण एका टक्क्याने उतरतं. आपल्या उदाहरणात ते ५०० डॉलर, म्हणजे महिना सुमारे १३. ६,००० जादा मैलांना मैलामागे ८ सेंटसुद्धा पडत नाहीत. शेवटी ओलांडलेल्या मैलांचा दंड मात्र १५ ते ३० सेंट. विजेवर चालवलेले मैलही ओडोमीटरवर मोजले जातात, हे सांगायला लागू नये, पण लागतं.

जाहिरातीतली '४७५ डॉलर महिना' गाडी बारीक अक्षरं वाचली की ४,००० डाऊनची निघते. हीच ५९४ ची गाडी, वेगळ्या कपड्यांत. माझं मत स्पष्ट आहे: लीजवर डाऊन भरू नये. पहिल्याच महिन्यात गाडी अपघातात टोटल, म्हणजे दुरुस्तीपलीकडे, गेली तर विम्याचे पैसे लीज कंपनीला जातात. गॅप कव्हर हे जादा संरक्षण विम्यानंतर उरलेलं देणं फेडतं, तुमचे ४,००० परत देत नाही. पहिला हप्ता, नोंदणी आणि सरकारी फी एवढंच आधी भरा.

आता प्लगइनची गोष्ट. २०२३ पासून लीजवर ७,५०० डॉलरची फेडरल सवलत फायनान्स कंपनीला मिळायची आणि ती पुढे दिली तर हप्ता एकदम खाली यायचा. ३० सप्टेंबर २०२५ नंतर घेतलेल्या गाड्यांना ती बंद झाली. त्यामुळे मित्राचा २०२४ चा हप्ता दाखवून डीलरशी भांडू नका. आज जी लीज कॅश आहे ती उत्पादकाची स्वतःची. म्हणून कोटमध्ये विक्रीची किंमत आणि सवलती वेगवेगळ्या ओळींत मागा. एकत्र दिल्या तर डीलर उत्पादकाचे पैसे स्वतःची सूट म्हणून मिरवतो.

आणि प्लग कुठे लावणार? अपार्टमेंटमध्ये सोय नसेल तर साधी हायब्रिड घ्या, जड बॅटरी विनाकारण वाहू नका. सोय असेल तर विजेचा दर बघा. टोयोटा रॅव्ह४ची २०२५ ची प्लगइन आवृत्ती विजेवर ४२ मैल जाते, मैलाला साधारण ०.३६ युनिट खाते, आणि बॅटरी संपल्यावर गॅलनला ३८ मैल देते. म्हणजे विजेचा एक युनिट गॅसच्या (पेट्रोलच्या) गॅलनच्या साधारण चौदाव्या हिश्शाला पडला तर बरोबरी. गॅस ३.२० असेल तर वीज २३ सेंटच्या खाली हवी. कॅलिफोर्नियात बऱ्याच घरांना रात्रीचा वेगळा दर घेतल्याशिवाय हे जमत नाही. शिवाय काही मॉडेलांत हीटर लावला की इंजिन सुरू होतं. बॉस्टन-शिकागोकडच्यांनी थंडीत टेस्ट ड्राइव्ह घेऊन हे तपासावं. आई-बाबा सहा महिने येणार म्हणून तिसरी रांग हवी असेल तर आउटलँडर, सोरेंटो, सीएक्स-९० आणि एक्ससी९० अशा मोजक्याच प्लगइन उरतात. मग घासाघिशीला जागाही कमी.

टॅक्स राज्यागणिक बदलतो. न्यू जर्सीत सगळ्या हप्त्यांवरचा ६.६२५ टक्के सुरुवातीलाच लागतो, आपल्या उदाहरणात सुमारे १,४१८. तो हप्त्यांत मिसळला तर त्यावरही व्याज. टेक्सासात साधारणपणे गाडीच्या पूर्ण किमतीवरचा ६.२५ टक्के तुमच्याच माथी येतो. तिथे लीज परवडते का, हे आधी बघा.

भाव ईमेलवर करा. पाच-सहा डीलरना एकच मजकूर: स्टॉक नंबरसह (डीलरकडचा त्या गाडीचा क्रमांक) अमुक गाडी, ३६ महिने, १२,००० मैल, शून्य डाऊन; सवलतींआधीची विक्री किंमत, प्रत्येक सवलत, मनी फॅक्टर, रेसिड्युअल, डॉक फी (डीलरची कागदपत्रांची फी), डीलरने बसवलेल्या वस्तू आणि सहीच्या दिवशीची एकूण रक्कम कळवा. "शोरूमला या, मग बोलू" म्हणणाऱ्याला यादीतून काढा. टायरमध्ये नायट्रोजन, काचेवर गाडीचा नंबर कोरणं, रंगावरचा लेप, असल्या वस्तूंचे हजार-दीड हजार साफ नाकारा. जुनी गाडी द्यायची असेल तर तिचा विषय नव्या गाडीचा भाव लेखी मिळाल्यावरच काढा.

एच-१बी वाल्यांसाठी वेगळं: क्रेडिट इतिहास कोवळा असेल तर जाहिरातीतला मनी फॅक्टर मिळत नाही, तो उत्तम क्रेडिटवाल्यांसाठी असतो. भारतात परतायची शक्यता असेल तर लीज दुसऱ्याच्या नावावर करता येते का, हे सहीआधी लेखी विचारा. काही कंपन्या देतात, काही नाही. मुदतीआधी मोडली तर उरलेले बहुतेक हप्ते अंगावर येऊ शकतात.

सहीच्या टेबलावर ग्रॉस कॅपिटलाइज्ड कॉस्टची, म्हणजे सवलतींआधी लीजमध्ये धरलेल्या एकूण रकमेची, फोड मागा. फेडरल नियमाप्रमाणे, मागितली तर ती सहीआधी द्यावीच लागते. ईमेलमधल्या किमतीशी ओळ न ओळ ताडून बघा. सही करून गाडी घरी नेली की "विचार बदलला" म्हणून परत करायची सोय फेडरल कायद्यात नाही.