एक खाली, तीन वर

गावाकडच्या शाळेत संबळाचा किंवा दिमडीचा तास सुरू करा असं कुणी सुचवलं, की आमच्या मंडळींचं म्हणणं ठरलेलं असतं: लोककला वर्गात आणली, कागदावर उतरवली, की तिचा जीव गेला, ती रक्तात असावी लागते. स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलंड बेटांनी आपलं फिडल, म्हणजे लोकसंगीतातलं व्हायोलिन, शाळेत शिकवून टिकवलं, हे उदाहरण दिलं तर ऐकायला मिळतं, ‘त्यांचं वेगळं आहे हो.’ काय वेगळं आहे ते मात्र कुणी सांगत नाही.

तिथले फिडलवादक टॉम अँडरसन 1910 साली शेटलंडमधल्याच एशानेसला जन्मले आणि फिडल घरातच, आजोबांकडून शिकले. पोटापाण्यासाठी विमा एजंटचं काम करायचे. त्या कामाच्या निमित्ताने बेटं पालथी घालताना म्हाताऱ्या वादकांसमोर बसून त्यांच्या धुना त्यांनी लिहून घेतल्या, टेपवर घेतल्या. तोवर नाचाच्या कार्यक्रमांत अ‍ॅकॉर्डियन पुढे आला होता आणि एकेक म्हातारा आपल्या धुना घेऊन जात होता. कला रक्तात असलेल्या घरांतली ही गोष्ट आहे. ती वाचवली वहीने आणि टेपने, आणि सत्तरच्या दशकात टॉमनी शाळांत घेतलेल्या तासांनी.

कागदावर सगळं येतं असं मी म्हणत नाही. शेटलंडच्या रीलमध्ये, म्हणजे जलद नाचाच्या धुनेत, गजाची एक ओळखीची चाल आहे: चार स्वरांतला एक गज खाली ओढून, उरलेले तीन एकाच वरच्या ओढीत. आता गजाच्या जेवढ्या लांबीत तीन स्वर वर जातात, तेवढीच लांबी त्या एकट्या स्वराने खाली यायला हवी, म्हणजे तिथे गज तिप्पट वेगाने ओढायचा. दाब वेगळा द्यावा लागत नाही, ठसका त्या वेगातूनच येतो. परीक्षा देत व्हायोलिन शिकलेलं पोर सगळे स्वर सारख्या वेगाने ओढतं आणि थोड्याच मात्रांत गज सरकत सरकत मुठीपाशी येऊन अडकतो. कागदावर खाली-वरच्या खुणा असतात, वेग नसतो. त्यासाठी कुणीतरी समोर बसून मनगट दाखवावं लागतं, आणि दर आठवड्याला ते दाखवणारा माणूस पगारावर नेमावा लागतो. स्कॉटलंडात 2021 पासून सरकारी शाळांत वाद्य शिकायला फी नाही. आपल्याकडे रक्ताच्या गप्पा मारणाऱ्यांना त्या माणसाचा पगार कधी आठवत नाही.

तारांचंही तेच. काही जुन्या धुनांसाठी सगळ्यात जाड तार ‘जी’ या स्वरावरून ‘ए’ वर चढवतात आणि शेजारची ‘डी’ वरून ‘ई’ वर, म्हणजे झालं ए-ई-ए-ई. दक्षिणेतल्या व्हायोलिनवाल्यांचं सा-प-सा-प हेच. तार पूर्ण एका स्वराने चढली की ताण साधारण पाव हिश्शाने वाढतो. घाईने चढवली तर खुंटी सटकते, नाहीतर घोडी (तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी पट्टी) बोटपट्टीकडे कलत कलत आडवी पडते. म्हणून दोन्ही तारा आळीपाळीने, थोड्या थोड्या चढवायच्या आणि दर खेपेला घोडीची मागची बाजू ताठ उभी आहे ना ते बघायचं. एकदा जुळलं की वरच्या दोन तारांवरचा तुकडा त्याच बोटांनी खालच्या सप्तकात वाजतो आणि शेजारची मोकळी तार तंबोऱ्यासारखी घुमत राहते. ही समज जन्मतः कुणाच्या बोटात नसते.

पलुसकरांनी 1901 मध्ये लाहोरला संगीत विद्यालय काढलं, भातखंड्यांनी शेकडो बंदिशी लिपीत बांधल्या. त्याच वह्यांवर परीक्षा देऊन मोठे झालेले लोक आज दिमडीला वही नको म्हणतात, याचा मला खरोखर राग येतो.

शेटलंडमधल्या लर्विकचा फिडलवादक अ‍ॅली बेन टॉमचाच शिष्य. 1968 मध्ये तो बेट सोडून गेला आणि जगभर वाजवत फिरला. आपल्याकडे अशा माणसाला ‘गेला’ म्हणतात आणि विषय संपवतात. शेटलंडने 1960 मध्ये बाहेर गेलेल्यांना हेमफॅरिनसाठी, म्हणजे घरी परतण्याच्या सोहळ्यासाठी, बोलावलं, आणि त्याच वर्षी टॉमनी चाळीसेक वादक एकत्र बसवले.

खरं सांगायचं तर शुद्धतेचा आग्रह आम्ही बाहेर राहणारेच जास्त धरतो. गाव आम्ही सोडलं तसंच राहावं असं आम्हाला वाटतं, कारण तिथे राहून ते चालवणं आमच्या वाट्याला येत नाही. मीही त्यातलाच आहे.

जानेवारी 1969. रात्री अकराच्या पुढे टॉम एशानेसहून निघाले. चढावर पोचून मागे पाहिलं, तर लहानपणी दिसायचे त्या मानाने दिवे फारच थोडे होते, आणि पाहता पाहता तेही एकेक करून विझत गेले. पत्नी नुकतीच वारली होती. त्यांना ‘स्लॉकिट’ हा जुना शब्द आठवला, विझलेला या अर्थाचा. ‘दा स्लॉकिट लाइट’ ही संथ धून त्या रात्रीची. कोकणातल्या आमच्या वाडीत आता रात्री मोजकेच दिवे असतात, आणि विझलेल्यांत एक आमच्या घरचा आहे. इथे ही धून वाजवणाऱ्या कितीतरी पोरांनी शेटलंड पाहिलेलं नाही. ती त्यांनी कागदावरून घेतली आहे, आणि ऐकताना मला त्यात काही कमी वाटत नाही.