घर लावायला घेताय? आधी मेझरिंग टेप आणि चिकटपट्टी आणा

"इंटीरियर कुणाकडून करून घेतलंत?" हा प्रश्न महिन्याभरात तिघांनी विचारला. कुणाकडूनच नाही. आणि घर बरं दिसतंय ते आत्ता, पहिल्या वर्षी आला असतात तर विचारलंच नसतंत. सगळ्यांना वेगवेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकतो. पोस्ट लांबणार आहे.

माझं मत असं, की घराचं बजेट महागड्या वस्तूंमुळे जितकं कोसळतं, त्याहून जास्त एकच काम दोनदा करावं लागल्यामुळे कोसळतं. राहायला जायच्या आत सगळं उरकून टाकायची घाई नडते.

आमचा सोफाच घ्या. हॉल मी अगदी सेंटिमीटरपर्यंत मोजला होता. दार मोजायचं राहिलं, जिन्याचं वळण तर डोक्यातच आलं नाही. सोफा वळणावर जो अडला, तो पाय आणि एक हात सोडवल्यावरच घरात आला. समोर टेबल ठेवल्यावर कळलं, की आता अंग चोरून जावं लागणार. तेव्हापासून कुठलंही फर्निचर घ्यायच्या आधी त्याच्या मापाचा चौकोन मी चिकटपट्टीने जमिनीवर आखतो आणि आठवडाभर त्याला वळसा घालून वावरतो. रोजच्या ये-जा करायच्या वाटेला ७५ ते ९० सेंटिमीटर लागतात. सोफा आणि टेबल यांच्यात ४० ते ४५ पुरतात.

अर्थात थांबता येतं ते फर्निचरसाठी. गळती, वायरिंग आणि ओटा आधीच करावं लागतं. भिंतीत ओल असेल तर तिच्यावर कितीही भारी पुट्टी लावा, पोपडे येणारच. पाणी कुठून येतंय ते आधी शोधा. प्लगचे पॉइंट ठरवताना रिकाम्या घरात खुर्ची घेऊन जा. पलंग येणार तिथे बसा, टेबल येणार तिथे बसा, आणि हात कुठे जातो ते बघा. वेडेपणा वाटेल, पण एक्स्टेंशन बोर्डांचं जाळं वाचतं. ओट्याचं माप मात्र सुतारावर सोडू नका. साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंची धरतात, पण रोज तिथे उभं राहणाऱ्या माणसाच्या कोपराच्या १० ते १५ सेंटिमीटर खाली ओटा आला, तर खांदे आणि कंबर सुखात राहतात. रोज दुसरं कुणी राबणार आणि उंची तिसऱ्याच्या सवयीने ठरणार, हे मला कधीच पटलं नाही.

आता माझा लाडका विषय, दिवे. कमी पैशांत घराचा चेहरा बदलायचा तर इथे. आणि नेमके इथेच आपण छताच्या मधोमध एक पांढराफटक दिवा लावून मोकळे होतो. खोक्यावर केल्विनचा आकडा असतो: २७०० ते ३००० म्हणजे ऊबदार पिवळसर, ४००० मध्यम, ६५०० निळसर पांढरा. बसायच्या-झोपायच्या खोलीत पहिला, ओट्यावर आणि अभ्यासाच्या टेबलावर दुसरा. तिसरा मी घरातून हद्दपार केला आहे. वॅट म्हणजे वीज किती खाणार, उजेड किती पडणार ते ल्युमेन सांगतात. साधारण ८०० ल्युमेनला जुना तारेचा बल्ब ६० वॅट खायचा, एलईडी ९च्या आसपास. सीआरआय म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा; तो ९०च्या वर मिळाला तर घ्या, माणसांचे चेहरे आजारी दिसत नाहीत. आणि डोक्यावरच्या एका झगझगीत दिव्यापेक्षा कोपऱ्यात, कमी उंचीवर ठेवलेले दोन साधे दिवे केव्हाही बरे.

फॉल्स सीलिंगबद्दल बोललो की मित्र चिडतात, तरी बोलतो. वायरी, पाइप किंवा बीम झाकायचा असेल तर जरूर करा. नुसत्या हौसेपोटी १० ते १५ सेंटिमीटर उंची घालवायची आणि वर पैसेही द्यायचे, हे मला झेपत नाही.

रंग दिव्यांनंतर ठरवा. दुकानाच्या उजेडात मी निवडलेला राखाडी घरी चक्क हिरवट निघाला. आता मोठ्या पुठ्ठ्यावर दोन हात मारतो आणि तो पुठ्ठा सकाळ-दुपार-रात्र एकेका भिंतीला टेकवून बघतो.

पडद्याचा रॉड खिडकीच्या चौकटीच्या १५-२० सेंटिमीटर वर आणि दोन्ही बाजूंना तेवढाच बाहेर घ्या. पडदा सारल्यावर कापड भिंतीवर जातं, काच पूर्ण उघडी राहते, खिडकी मोठी वाटते. साधं कापड चालेल, पण रॉडच्या लांबीच्या दीडपट ते दुप्पट घ्या. महागडं कापड ताणून लावलं की चादर वाळत घातल्यासारखं दिसतं.

काटकसर कुठे करायची? शोभेच्या पॅनलवर, टीव्हीमागच्या भिंतीवर, कपाटाच्या बाहेरच्या फिनिशवर. बिजागऱ्या, ड्रॉवरचे चॅनल, नळ आणि गादी यांच्यावर नाही. त्यांना रोज हात लागतो, अंग टेकतं. आमचे स्वस्तातले चॅनल वर्षभरात अडकायला लागले, आणि ते बदलायला सुताराने घेतलेली मजुरी आधी वाचवलेल्या पैशांपेक्षा जास्त भरली.

हॉलच्या कोपऱ्यात सध्या चिकटपट्टीचा एक चौकोन आहे, पुस्तकांच्या कपाटाचा. चार महिने झाले. बायको म्हणते, एक तर कपाट आण, नाहीतर पट्टी काढ, पाहुणे त्याला वळसा घालून जायला लागलेत.