टूल हाय का खुरपं?

इंजिनिअरिंगच्या तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी मला विचारलं होतं, "साइड रेक म्हणजे काय?" कापणाऱ्या टूलच्या माथ्याला बाजूला दिलेला उतार, असं मी सांगितलं, फळ्यावर आकृती काढली, वर न विचारता एंड रिलीफही, म्हणजे टोकाखालचा उतारही, सांगून टाकला. ते खूश झाले. त्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक टूल बिट, म्हणजे ज्याला घासून टूल करतात तो पोलादाचा तुकडा, देऊन समोर धार लावायचा ग्राइंडर चालू केला असता, तर आज मी एखाद्या बँकेत सुखाने शिक्के मारत बसलो असतो.

कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात काकांचं वर्कशॉप आहे. तीन लेथ (धातू फिरवत कापणारी यंत्रं), एक शेपर (धातू सपाट तासणारं यंत्र), एक पेडेस्टल ग्राइंडर आणि एक मिस्त्री. कागदोपत्री मालक काका, बाकी सगळं मिस्त्रींचं. पदवी घेऊन मी तिथे दाखल झालो तेव्हा माझ्या डोक्यात सीएनसी, म्हणजे संगणकावर चालणारं यंत्र, घ्यावं की नको वगैरे चाललं होतं. मिस्त्रींनी खणातून अर्धा इंची चौकोनी, चार इंच लांब असा हायस्पीड पोलादाचा कोरा तुकडा काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला.

"ह्येचं टर्निंगचं टूल करून आणा, इंजिनेर साहेब."

"आणा" असं म्हणाले, जणू ग्राइंडर म्हणजे कोपऱ्यावरचं वाण्याचं दुकान.

मी चष्मा लावला, टूल रेस्टच्या टेकूवर बिट टेकवला आणि ग्राइंडरच्या फिरत्या व्हीलला लावला. हायस्पीडच्या ठिणग्या फुलबाजीसारख्या नसतात. टंगस्टनमुळे त्या बुटक्या, मळकट लाल, कंटाळलेल्या निघतात. माझं बघून त्यांना जास्तच कंटाळा आला असावा. अडचण अशी की बिट गरम होतो, तो उचलून पाण्यात बुडवावा लागतो, आणि परत लावताना मघाचा कोन काही केल्या सापडत नाही. केसभर फरक पडतो आणि तिथे नवी बाजू पडते. अर्ध्या तासात, जिथे एक सपाट बाजू हवी होती तिथे मी सात पाडल्या. कोन मोजायचा बेव्हल प्रोट्रॅक्टर लावून पाहिला. 8 अंश हवे होते. सातही बाजूंची बेरीज केली तर भरले असते.

मिस्त्रींनी प्रोट्रॅक्टरकडे बघितलंसुद्धा नाही. टूल ट्यूबलाइटकडे धरलं, एक डोळा मिटला.

"टूल हाय का खुरपं?" ते म्हणाले. मग जरा विचार करून, "न्हाई, खुरप्याला धार आसती."

दुसऱ्या दिवशी मी ठरवलं की हात हलवायचाच नाही. एका जागी घट्ट धरून ठेवायचा. त्याने टूलचं काही झालं नाही, पण व्हीलच्या मधोमध छान खाच पडली. आपल्या देशात ग्राइंडिंग व्हील बनायला सुरुवात झाली ती 1941 साली, उरणजवळच्या मोऱ्याला. तेव्हापासून इतक्या लोकांनी खपून जी वस्तू गोल ठेवली, तिची मी वीस मिनिटांत कप्पी करून दाखवली. मिस्त्रींनी काही न बोलता ड्रेसर घेतला आणि व्हील सारखं करायला लावलं. ड्रेसिंगचा तो आवाज ज्याने ऐकलाय त्याला माहीत आहे. समोरच्या फाउंड्रीतली माणसं दारात येऊन उभी राहिली.

खरी गंमत निळ्या रंगाने केली. दाब जास्त झाला आणि टूलचं टोक निळं पडलं. पोलाद निळं पडलं म्हणजे पाणी उतरलं, मेलं, हे मला ठाऊक होतं. मी घाबरून ते धगधगतं टोक पाण्यात खुपसलं. मिस्त्री पहिल्यांदाच खुर्चीतून उठले.

"निळ्यानं कायबी हुत न्हाई! हायस्पीड हाय त्ये, लाल होस्तवर दम धरतंय. पर तापल्यालं आसं गप्पकन पाण्यात घातलं की बारीक तडा जातोय. दिसत न्हाई, आन् मागनं तुकडा उडतोय. तापूच दिऊ नका. सारखं बुडवा, बोटाला सोसंल तवर."

बरोबरच होतं. 18 टक्के टंगस्टन, 4 टक्के क्रोमियम, 1 टक्का व्हॅनेडियम ही हायस्पीडची पाककृती मला पाठच होती. टेलर आणि व्हाइट या दोघा अमेरिकनांनी असल्या पोलादाचा पहिला अवतार 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात मांडला होता. टूलचं टोक लाल झालं तरी कापत होतं आणि लोक बघत उभे होते. माझं टूल थंडगार असतानाही कापत नव्हतं, पण लोक इथेही बघत उभे होतेच.

आता एखाद्या शहाण्याने "सारखं बुडवा" एवढं घरी नेलं असतं. मी "निळ्यानं कायबी हुत न्हाई" घेऊन घरी गेलो.

आईची विळी बोथट झाली होती. ती म्हणाली, "धार लावायचंच शिकतोयस ना, मग ही ने." नेली. झकास ठिणग्या उडाल्या, भरघोस, फांद्या फुटलेल्या. ही फुलबाजी का आली याचा विचार करायला हवा होता. पातं निळं झालं, मी आत्मविश्वासाने हसलो. घरी आईने दोन कांदे चिरले आणि तिसऱ्याला विळी नुसतीच घसरली. साधं कार्बनचं पोलाद ते. टेलर आणि व्हाइट यांचा आणि आमच्या विळीचा काही संबंध नव्हता. त्यानंतर घरात भाजी चिरताना दरवेळी आई एक उसासा टाकायची, तो मला वर माडीवर ऐकू यायचा.

पाचव्या बिटाला हात जरा बसला. (चौथा संपला होता. चार इंचांचा पेन्सिलीच्या थोटकाएवढा राहिला. हायस्पीड हे नाव का दिलं असेल ते तेव्हा कळलं.) मग आला ऑइलस्टोन, म्हणजे तेल टाकून धार साफ करायचा दगड. मी आधी टूल धरून दगडावर घासत होतो आणि हात डुलून होती ती धारही गोल करत होतो. मिस्त्रींनी उलटं करायला सांगितलं. टूल धरून ठेवायचं, दगड फिरवायचा. व्हील गोल असल्यामुळे घासलेली बाजू आतून किंचित पोकळ असते. त्यामुळे दगड दोनच जागी टेकतो, एक धारेशी आणि एक खाली टाचेला. तो टेकला की हाताला ठक् असं कळतं. रेल्वेच्या डब्यात खालचा बर्थ मिळाल्यासारखं वाटतं. तेल टाकून पाचसहा हात फिरवले की करड्या पृष्ठभागावर चमकदार दोन बारीक रेघा उमटतात. धारेची रेघ एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत अखंड दिसली की थांबायचं. मी अर्थातच थांबत नसे.

धार बघायची ती अंगठ्याच्या नखावर. टूल अलगद टेकवायचं. घसरलं तर बोथट, रुतलं तर झालं. मिस्त्रींच्या नखावर बारीक ओरखड्यांची जाळी आहे. माझं नख महिनाभर नवरीच्या नखासारखं नितळ होतं.

एका शनिवारी ते रुतलं. माइल्ड स्टीलच्या शाफ्टवर कट दिला आणि आवाजच बदलला. किरकिर जाऊन सायीवरून चमचा फिरवल्यासारखी सळसळ आली. मिस्त्रींनी लांबूनच मान वळवली, काही बोलले नाहीत. त्यांच्याकडून एवढं म्हणजे सत्कारच.

त्याच धुंदीत मी तेच टूल गुऱ्हाळाच्या घाण्याच्या गनमेटल बुशला, म्हणजे ज्यात आस फिरतो त्या तांबं-कथलाच्या मिश्रधातूच्या नळकांड्याला, लावलं. गनमेटलला रेक द्यायचा नसतो, माथा सपाट ठेवायचा असतो, नाहीतर टूल माल कापायचं सोडून त्याच्यात घुसतं. तसंच झालं. टूलने बुश ओढला, बुश लेथच्या चकच्या पकडीतून निसटला आणि शेपरखाली जाऊन बसला. गुऱ्हाळवाले पाहुणे स्टुलावर बसून चहा पीत होते. त्यांनी कप खाली ठेवला आणि एवढंच विचारलं, "दुसरा बुश करायला किती दिस लागतील?" ही रेकची गोष्टसुद्धा मी पेपरात लिहिली होती. दोन मार्कांना. दोन्ही मिळाले होते.

विळी शेवटी सायकलवरच्या धारवाल्याकडे नेली. त्याने पातं निरखलं.

"ह्ये कुनी केलं?"

"होता कोणीतरी शिकाऊ."

त्याने पायडल मारत, दर दोन हातांनी ओल्या फडक्याने पातं पुसत, निळा भाग सगळा घासून काढला. विळी बोटभर अरुंद झाली. मग त्याने ती अंगठ्याच्या नखावर टेकवली. ती रुतली.

घरी आल्यावर आईने एक कांदा चिरून पाहिला.

"किती घेतले त्यानं?"

"तीस रुपये."

"आणि तुझ्या कॉलेजात आपण किती भरले होते रे?"